काटकसरीच्या दोन रीती

पलंगापासून न्हाणीघराच्या दारापर्यंत आमच्या घरात अकरा पावले आहेत. इतकी वर्षे या घरात वावरूनही ते अंतर मोजावे असे मला कधी वाटले नव्हते. गेल्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ते मोजावे लागले. त्या दिवशी तिसऱ्या पावलाला यांचे गुडघे अचानक दुमडले आणि माझ्या खांद्याला धरून हे जमिनीवर बसले. पडले नाहीत, बसले. पण उठता येईना. शेजारचा मुलगा धावत येईपर्यंत आम्ही दोघे थंडगार फरशीवर शेजारी शेजारी बसून होतो. हे हसण्याचा प्रयत्न करीत होते. मला हसू येत नव्हते, कारण या प्रसंगाला जबाबदार कोण, हे मला त्याच क्षणी उमगले होते.

झाले होते ते असे. जानेवारीच्या आरंभी यांना न्यूमोनिया झाला. वय ७४. आठ दिवस रुग्णालयात काढून घरी आलो, तेव्हा ताप गेला होता, छातीही मोकळी होऊ लागली होती. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, ‘विश्रांती द्या आणि हळूहळू चालते करा.’ त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग मी घट्ट धरून ठेवला आणि दुसरा सोयीस्करपणे विसरले. साताऱ्याची थंडी, त्यातून आजारपण. मी यांना अंथरुणातून हलूच दिले नाही. चहा पलंगावर, जेवण पलंगावर, वर्तमानपत्र पलंगावर. न्हाणीघरात जाण्याऐवजी भांडे पलंगाशी. यांनी पाय खाली सोडले, की मी म्हणायची, ‘पडून राहा हो, ताकद साठू द्या.’ असे तीन आठवडे गेले. माझ्या मते मी सेवा करीत होते.

फरशीवर बसण्याच्या त्या प्रसंगानंतर डॉक्टरांनी तपासले. फुप्फुसे स्वच्छ होती, हाड कुठे मोडले नव्हते. त्यांनी व्यायामोपचार करणाऱ्या एका तरुण मुलीला घरी पाठविले. तिने यांच्या मांड्यांवरून हात फिरविला, पाय उचलायला लावले आणि मला विचारले, ‘काकू, काकांना दुखतंय कुठे?’

‘कुठेच नाही,’ मी म्हणाले.

‘मग यांना झोपवून का ठेवलंत?’

तिच्या स्वरात दोष देण्याचा भाव नव्हता. पण मी ३० वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकविले आहे. न वापरलेला स्नायू झिजतो, हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल, त्याची गणती नाही. ते वाक्य स्वतःच्या घरात मात्र मला वाचता आले नाही.

त्या रात्री दिवा मालवल्यावर हे म्हणाले, ‘अगं, त्या खोपटातल्या प्राण्यासारखी गत झाली माझी. फरक इतकाच, की तो वसंतात उठून पळायला लागेल.’

कोणत्या प्राण्याविषयी हे बोलत होते, ते मला तत्काळ कळले. पण वाचकांना ते कळावे, यासाठी चार महिने मागे आणि बरेच दूर जावे लागेल.

त्या आधीच्या ऑक्टोबरात आम्ही मुलाकडे जर्मनीला गेलो होतो. तो फ्रायबुर्ग शहराच्या पूर्वेला, ‘श्वार्त्सवाल्ड’ म्हणजे काळे अरण्य या डोंगराळ प्रदेशातील एका लहान गावात राहतो. घरामागे उतारावर फर आणि स्प्रूसचे दाट रान, पुढे सफरचंदांच्या झाडांची जुनी बाग. ही बाग शेजारच्या वृद्ध बाईंची. त्यांची भाषा मला येत नव्हती आणि माझी त्यांना. पण सूनबाई मध्ये उभी राहून दोन्हीकडचे सांगायची, आणि बागेत काम करणाऱ्या दोन बायकांना शब्द तसे थोडेच लागतात.

पहिल्याच आठवड्यात त्या बाई सफरचंदाच्या प्रत्येक बुंध्याला कंबरेच्या उंचीवर एक रुंद, चिकट पट्टा बांधताना दिसल्या. विचारले, तर म्हणाल्या, ‘फ्रॉस्टश्पानर येईल आता.’ नाव एका पतंगाचे. दिव्याभोवती घिरट्या घालणारे पतंग आपण पावसाळ्यात पाहतो; पण हा पतंग पहिली कडाक्याची थंडी पडली, की बाहेर पडतो. मी त्याला मनात ‘हिवाळी पतंग’ असे नाव दिले.

त्यानंतर दहाएक दिवसांनी बाईंनी मला हाताने खूण करून लाकडे रचण्याच्या खोपटात बोलाविले. कोपऱ्यात एक जुनी लाकडी पेटी होती. तिच्यात शेवाळ आणि वाळकी पाने यांचा गोळा, आणि त्या गोळ्यात एक लहानसा प्राणी अंगाचे वेटोळे करून पडलेला. डोळ्यांभोवती काळा मुखवटा बांधल्यासारखा पट्टा, मोठे कान, टोकाला काळापांढरा झुपका असलेली शेपटी तोंडावर पांघरलेली. लांबी शेपूट सोडून वीतभरही नाही. मी बोट लावायला पुढे झाले, तोच बाईंनी माझे मनगट धरले. सूनबाई म्हणाली, ‘आई, त्याला उठवायचं नाही. आता उठवलं, तर मार्चपर्यंत पुरायची चरबी त्याला आत्ताच जाळावी लागेल, असं त्या म्हणताहेत.’

त्या प्राण्याचे जर्मन नाव ‘गार्टनश्लेफर’, अर्थात बागेत झोपणारा. इंग्रजीत त्याला गार्डन डॉरमाउस म्हणतात. दिसायला तो उंदीर आणि खार यांच्यामधला. गट कृंतकांचा, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांचा, पण कूळ वेगळे. नावात बाग असली, तरी काळ्या अरण्यासारखी खडकाळ डोंगररानेही त्याचे घर. किडे, गोगलगायी, फळे, जे मिळेल ते खातो. एके काळी युरोपात पुष्कळ ठिकाणी आढळणारा हा जीव आता अनेक भागांतून नाहीसा झाला आहे; जर्मनीत २०२३ साठी त्याची ‘वर्षातील प्राणी’ म्हणून निवड झाली, ती त्याच्याकडे लोकांचे लक्ष वेधावे म्हणूनच. मराठीत त्याला नाव नसल्यामुळे यांनी त्याचे बारसे केले, ‘झोपाळू’.

त्या तीन महिन्यांत एकाच बागेत, एकाच थंडीत मी हे दोन जीव पाहिले. एक खोपटात निजलेला, दुसरा रात्री बुंध्याभोवती उडणारा. बाई एकाला पांघरूण घालीत होत्या आणि दुसऱ्याला चिकटपट्टीवर पकडीत होत्या. याचे मला हसू आले, आणि त्यांनाही. तेव्हा ती केवळ एक गंमत होती. फेब्रुवारीतल्या त्या रात्री मात्र या दोघांकडे मी पुन्हा, नीट पाहू लागले.

प्रश्न दोघांपुढे एकच. थंडी आहे, अन्न नाही, आणि अंगात जमा आहे तेवढ्यावरच भागवायचे आहे. म्हातारपणीही आपल्यापुढे फार वेगळा प्रश्न नसतो. शक्तीची आवक कमी झालेली असते, आणि उरलेल्या शक्तीची काटकसर कशी करायची, हा रोजचा हिशेब असतो. झोपाळू आणि हिवाळी पतंग, दोघेही काटकसरीच आहेत. रीत मात्र दोघांची अगदी निराळी.

झोपाळूची रीत सर्व काही बंद करण्याची. पानगळीच्या दिवसांत तो भरपूर खाऊन वजन दीडपट, कधी त्याहूनही अधिक करून घेतो. मग अंगाचे वेटोळे करतो आणि शरीराची भट्टी मंद करीत नेतो. आपले शरीर ३७ अंशांच्या आसपास राहण्यासाठी सतत धडपडते. त्याचे तापमान भोवतालच्या थंडीबरोबर उतरत उतरत शून्याच्या वर अवघ्या काही अंशांवर येते. मिनिटाला शेकडो वेळा धडधडणारे हृदय मोजके ठोके देऊ लागते. श्वासाश्वासांत मोठी अंतरे पडतात. याला आपण शीतनिद्रा म्हणतो.

पण ही निद्रा सलग नसते, आणि खऱ्या अर्थाने निद्राही नसते. शीतनिद्रा घेणारे लहान सस्तन प्राणी दर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी जागे होतात. पाठीत, खांद्यांच्या मध्ये साठविलेली खास तपकिरी चरबी आधी पेटते, मग स्नायू थरथरू लागतात आणि अंग पुन्हा पूर्ण तापते. काही तासांनी प्राणी परत थंड होतो. सबंध हिवाळ्यात जेवढी शक्ती खर्च होते, तिचा बहुतांश या तापण्यातच जातो. बाईंनी माझे मनगट का धरले, ते यावरून कळेल.

एवढा खर्च करून हे प्राणी उठतात तरी कशाला? याचे एक उत्तर मला फार मोलाचे वाटते. १९९१ मध्ये सर्ज डान, ब्रायन बार्न्स आणि आर्येन स्ट्रेकस्ट्रा या संशोधकांनी जमिनीवर राहणाऱ्या खारींच्या अभ्यासावरून असे मांडले, की थंड पडलेल्या अवस्थेत मेंदूला खरी झोप मिळत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी प्राणी तापतो, आणि तापल्यावर पुष्कळ वेळ गाढ झोपतो. निपचित पडून राहणे वेगळे आणि झोप वेगळी, हे एका चिमुकल्या खारीच्या मेंदूलाही ठाऊक आहे. लाइप्झिगच्या टोमास आरेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आणखी एक गोष्ट दाखविली. युरोपातील भूखारीच्या मेंदूत शीतनिद्रेच्या काळात ‘टाउ’ या प्रथिनात असे बदल होतात, जे अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूतील बदलांची आठवण करून देतात. खार जागी झाली, की ते बदल मावळतात. तिच्या मेंदूला ती परतीची वाट येते. आपल्याला अजून सापडलेली नाही.

स्नायूंचेही तसेच. शीतनिद्रेतले प्राणी महिनोन्‌महिने न हलता राहतात, तरी वसंतात उठून चालू-धावू लागतात. त्यांचे स्नायू आणि हाडे इतक्या निष्क्रियतेनंतर व्हायला हवीत तेवढी झिजत नाहीत. माणसाचे शरीर या बाबतीत अगदी उघडे पडते. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात सरासरी ६७ वर्षे वयाच्या मोजक्या निरोगी व्यक्तींना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले. त्यांच्या पायांतील स्नायूंचे वस्तुमान सरासरी १ किलोच्या आसपास घटले. ही माणसे आजारी नव्हती, त्यांना ताप नव्हता, आणि दिवस फक्त दहा होते. मी यांना रुग्णालयातले आठ धरून एकोणतीस दिवस झोपविले होते.

म्हणजे ‘पडून राहा, ताकद साठू द्या’ हे माझे वाक्य झोपाळूच्या बाबतीत खरे होते, यांच्या बाबतीत खोटे. झोपाळूची काटकसर ज्या यंत्रणेवर चालते, ती यंत्रणाच आपल्याकडे नाही. आपण पडून राहिलो, की भट्टी मंद होत नाही; ती चालूच राहते आणि घरातलीच लाकडे जाळू लागते.

आता पतंगाकडे वळू. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी बाईंनी विजेरी घेऊन आम्हां दोघांना बागेत नेले. गवतावर दहिवर चढू लागले होते, आमच्या तोंडांतून वाफ निघत होती. त्या थंडीत फिक्या तपकिरी रंगाचे, पंख पसरल्यावर जेमतेम अडीच सेंटिमीटर भरणारे पतंग झाडांभोवती संथ, तरंगत उडत होते. घाई नाही, झेप नाही. वाऱ्यावर वाळके पान यावे, तसे. हे सारे नर. त्यांना या वयात खायचे काही नसते. सुरवंट असताना जे कमावले, तेवढीच पुंजी.

एवढ्या थंडीत ते उडतात कसे? बर्न्ड हाइनरिश आणि टॉमस मॉमसेन यांनी या पतंगाच्या अमेरिकेतील भावंडाचा अभ्यास करून १९८५ मध्ये याचे उत्तर दिले. आधी वाटले होते, की थंडीतही चालणारी काही विशेष रसायने त्याच्या स्नायूंत असावीत. तसे फारसे काही आढळले नाही. त्याचे स्नायू इतर पतंगांसारखेच. थंडीत मंद, दुबळे. पण शरीर अतिशय हलके आणि त्या मानाने पंख मोठे. पंखांवर भारच इतका थोडा, की दुबळ्या स्नायूंनीही काम निभते. या पतंगाने शक्ती वाढविली नाही. काम हलके केले.

हाइनरिश यांनी थंडीत उडणाऱ्या आणखी काही पतंगांचा अभ्यास केला, त्यांची तऱ्हा वेगळी. ते अंगाने जाड, छातीवर दाट लव असलेले. उडण्यापूर्वी ते बसल्या जागी स्नायू थरथरवितात. छातीचे तापमान ३० अंशांच्या आसपास आले, की मगच उडतात. भार जास्त असेल, तर आधी तापावे लागते, हा त्यांचा नियम.

विजेरीच्या उजेडात बाईंनी मला मादीही दाखविली. प्रथम मला तो कोळी वाटला. पोट फुगीर, पाय लांब, आणि पंखांच्या जागी नुसते खुंट. या पतंगाच्या मादीला उडता येतच नाही. उडण्याचा सारा खर्च तिने वाचविला आहे आणि ती पुंजी अंड्यांत घातली आहे. ती मातीतून बाहेर येते आणि बुंध्यावर पायी चढू लागते. वर कुठेतरी नर तिला गाठतो. मग ती सालीच्या फटींत, कळ्यांजवळ शंभरावर अंडी घालते. वसंतात कळ्या फुटतात त्याच सुमारास अंडी फुटतात. सुरवंट कोवळी पाने फस्त करतात, म्हणून बाईंचे पट्टे. पण हेच सुरवंट रानातले कितीतरी पक्षी आपल्या पिलांना भरवितात. मातीपासून फांदीपर्यंतची ती चढण नसती, तर हे काहीच घडले नसते.

फेब्रुवारीच्या त्या दिवसांत ही मादी माझ्या फार उपयोगी पडली.

व्यायामोपचार करणाऱ्या मुलीने पहिल्या आठवड्याचा क्रम अगदी साधा ठेवला होता. सकाळी उठल्यावर थेट उभे राहायचे नाही. अंथरुणातच पावले वरखाली, घोटे गोल फिरवायचे. मग पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन-तीन मिनिटे बसायचे, घेरी येत नाही असे पाहायचे. मगच उभे राहायचे. जाड पतंग उडण्यापूर्वी थरथरून तापतो, ते मला येथे आठवले. तिन्ही वेळचे जेवण खुर्चीत बसून. दिवसातून चार वेळा खुर्चीतून उठणे-बसणे, आधी हातांच्या आधाराने, प्रत्येक वेळी पाच. आणि चालायला चौपायी काठी.

बाकी सारे यांनी मुकाट्याने मान्य केले. काठी मात्र नको म्हणाले. आयुष्यभर गणित शिकविलेला माणूस, पण या एका बाबतीत हिशेब ऐकेना. ‘काठी घेतली, की माणूस म्हातारा झाला,’ हे यांचे मत. दोन दिवस भिंत धरून चालले, तिसऱ्या दिवशी भिंत संपते त्या जागी अडले.

मी म्हणाले, ‘त्या झाडावरची मादी आठवते का? ती कोळ्यासारखी दिसणारी?’

‘आठवते.’

‘तिने पंख टाकले, म्हणून झाडावर चढायची थांबली का?’

हे काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘म्हणजे मला पंख टाकायला सांगतेस.’

‘हो,’ मी म्हणाले. माझा आवाज कापला, कारण पंख यांना टाकावे लागत होते आणि त्यांतले काही मी छाटले होते. हे मी यांना त्याच दिवशी सांगितले. यांनी माझा हात थोपटला आणि म्हणाले, ‘दे ती काठी.’

पुढचे काम दोघांचे होते. त्या मुलीच्या सांगण्यावरून मी घरातला भार हलका करीत गेले. काम यांच्या हातून काढून घ्यायचे नाही, काम सोपे करायचे, हा फरक मला शिकावा लागला. खुर्चीवर जाड गादी टाकून बैठक चार बोटे उंच केली. गुडघ्यांचा निम्मा त्रास तिथेच संपला. न्हाणीघरात भिंतीला दांडी बसवून घेतली. वाटेतले पायपुसणे काढले. कपडे वरच्या खणातून मधल्या खणात आणले. पाण्याचा तांब्या मी भरून देत असे, तो बंद केला. टेबलावर हलका पेला ठेवला, पाणी हे स्वतः घेऊ लागले. डॉक्टरांना विचारून जेवणात प्रत्येक वेळी थोडे प्रथिन येईल असे पाहिले. सकाळी मुगाचे धिरडे, दुपारी वरण आणि दही, रात्री पिठले किंवा उसळ. झोपाळू हिवाळ्यापूर्वी पोटभर खातो, ही त्याची रीत मात्र आपणही घ्यावी. पतंगाची नुसत्या शिलकीवर जगण्याची रीत आपल्या उपयोगाची नाही. त्याचे उडणे फार तर काही आठवड्यांचे असते.

एक बदल मी अपेक्षिला नव्हता. तीन आठवडे हे दिवसभर डोळे मिटून पडलेले असत आणि रात्री टक्क जागे. मी म्हणायची, ‘दिवसभर तर झोपता, आणखी किती झोप लागणार?’ दिवसा उठून बसणे, उन्हात खुर्ची टाकणे, चालणे सुरू झाल्यावर आठवड्याभरात रात्रीची झोप परतली. दिवसभराचे ते पडून राहणे ही झोप नव्हतीच. आणि यांना झोप लागू लागली, तेव्हा मलाही लागली. आजाऱ्याची सेवा करणाऱ्याच्या झोपेचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. मी स्वतः तो मांडला नव्हता, आणि माझ्या तेव्हाच्या पुष्कळशा चुका त्या थकव्यातूनच झाल्या असाव्यात.

यांनी एक वही केली. पहिल्या पानावर लिहिले, ‘११ पावले, २ वेळा.’ महिन्याअखेरीस ‘अंगणाचे फाटक, जाऊन-येऊन ७०.’ मेमध्ये कोपऱ्यावरच्या गणपतीच्या देवळापर्यंत, मध्ये पिंपळाच्या पारावर एकदा टेकून, ६४० पावले. मधल्या काळात दोन वेळा सर्दी झाली, वही चार-पाच दिवस मागे गेली, पुन्हा पुढे आली. एवढे मात्र सांगायला हवे, की जानेवारीपूर्वीचे सगळे परत आलेले नाही. गच्चीचा जिना यांनी सोडला आहे. काठी हातात असते, आणि ती आता यांना सलत नाही.

हे आमच्या घरचे झाले. ज्यांचे हाड मोडले आहे, हृदय अशक्त आहे, श्वास लागतो, त्यांचे पथ्य वेगळे असू शकते. कधी उठायचे, किती चालायचे, हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायला हवे. पण रुग्णालयातून घरी येताना ‘विश्रांती द्या’ एवढेच ऐकून परतू नका. ‘उठवायचे कधी आणि कसे’ हेही विचारून घ्या, आणि उत्तर कागदावर लिहून घ्या. मी ते ऐकले होते, पण लिहून घेतले नव्हते. थकलेल्या मनाला अर्धेच वाक्य लक्षात राहते.

यंदाच्या नोव्हेंबरात सूनबाईने एक छायाचित्र पाठविले. सफरचंदाच्या बुंध्यांना पट्टे बांधून झाले आहेत, खोपटातली पेटी जागेवर आहे. गेल्या वसंतात ती रिकामी आढळली होती. आत यंदा कोणी निजले आहे की नाही, हे पाहायला बाईंनी अर्थातच झाकण उघडलेले नाही.

छायाचित्र पाहून हे म्हणाले, ‘झोपू दे त्याला. त्याला झोप परवडते.’ आणि काठी घेऊन देवळाकडे निघाले. पूर्वी यांच्या चेहऱ्यावर जरा थकवा दिसला, की माझ्या तोंडून ‘पडून राहा’ निघत असे. आता मी पारापर्यंत सोबत जाते आणि तिथे पोचल्यावर विचारते, ‘जरा टेकता का?’ हे टेकतात. पाच मिनिटांनी आम्ही पुढे निघतो.